तीन तासांची अट

2024 सालच्या बॉस्टन मॅरेथॉनचा पहिला विजेता बॉयल्स्टन स्ट्रीटवर पोहोचला तेव्हा सकाळचे साडेदहाही वाजले नव्हते. पायी धावणारे अव्वल पुरुष त्या वेळी फ्रेमिंगहॅम ओलांडून नेटिकच्या दिशेने निघाले होते. हजारो हौशी धावपटू तर अजून हॉपकिंटनमध्येच आपल्या तुकडीची पाळी कधी येते याची वाट पाहत होते. विजेत्याचं नाव मार्सेल हुग, देश स्वित्झर्लंड, वेळ 1 तास 15 मिनिटं 33 सेकंद. न्यूटनच्या वळणावर त्याची खुर्ची कठड्यावर आदळून कलंडली होती. ती सावरून तो पुन्हा निघाला आणि तरीही या मार्गावरचा स्वतःचाच विक्रम त्याने दीड मिनिटाने मोडला.

त्याच दिवशी पायी धावून पहिल्या आलेल्या इथिओपियाच्या सिसाय लेमाला 1 लाख 50 हजार डॉलर मिळाले. हुगच्या पहिल्या क्रमांकाचं बक्षीस 40 हजार डॉलरचं होतं. मार्गविक्रमासाठीची जादा रक्कम मात्र दोन्ही गटांना सारखीच, 50 हजार डॉलर, आणि ती त्या दिवशी हुगने कमावली. म्हणजे एकाच आयोजकाने एकाच शर्यतीत विक्रमाला एक भाव लावला आणि क्रमांकाला जवळजवळ चौपट अंतर ठेवलं. ही विसंगती कुणाच्या हातून चुकून झालेली नाही. शहराच्या मॅरेथॉनमध्ये व्हीलचेअर शर्यतीचं स्थान नेमकं कोणतं, या प्रश्नाला 50 वर्षांत वेगवेगळ्या शहरांनी जी तुकड्यातुकड्यांची उत्तरं दिली, त्यांचीच ही बेरीज आहे.

बॉस्टन ही जगातली सर्वांत जुनी वार्षिक मॅरेथॉन. अथेन्सचं पहिलं आधुनिक ऑलिंपिक पाहून आलेल्या मंडळींनी पुढच्याच वर्षी, 19 एप्रिल 1897 रोजी, ती भरवली आणि 15 जण धावले. दिवस पेट्रियट्स डेच्या सुट्टीचा. 1969 पासून एप्रिलचा तिसरा सोमवार. या शर्यतीने कुणालाही सहजासहजी आत घेतलेलं नाही. बॉबी गिब 1966 साली झुडपाआड लपून धावणाऱ्यांत शिरली. पुढच्या वर्षी कॅथरीन स्विट्झरने नुसती आद्याक्षरं लिहून क्रमांक मिळवला, तेव्हा तो ओरबाडून घ्यायला एक अधिकारी भर रस्त्यात तिच्या मागे धावला. ते छायाचित्र जगभर गेलं. स्त्रियांना अधिकृत प्रवेश मिळाला तो 1972 साली. व्हीलचेअरची गोष्ट याच काळात सुरू होते, पण तिच्या वाट्याला तसं छायाचित्र आलं नाही.

1970 साली यूजीन रॉबर्ट्स या व्हिएतनाम युद्धात पाय गमावलेल्या माजी सैनिकाने साध्या व्हीलचेअरवर हे अंतर पार केलं. त्याला कित्येक तास लागले आणि अधिकृत निकालात त्याला जागा नव्हती. पाच वर्षांनी बॉब हॉल नावाच्या तरुणाने शर्यतीचे संचालक विल क्लोनी यांच्याकडे रीतसर परवानगी मागितली. बाळपणी पोलिओ झालेला हॉल बॉस्टनच्याच परिसरातला. क्लोनींनी नकार दिला नाही, अट घातली. तीन तासांच्या आत पोहोचलास तर बाकीच्यांना मिळतं तेच प्रमाणपत्र तुलाही मिळेल. हॉल 2 तास 58 मिनिटांत पोहोचला.

या अटीबद्दल आजही दोन मतं होऊ शकतात. हॉलकडून जे मागितलं गेलं ते अनेक धडधाकट धावपटूंना त्या दिवशी जमलं नव्हतं, आणि प्रमाणपत्राला पात्र ठरण्यासाठी त्यांना असं आव्हान कुणी दिलंही नव्हतं. त्या अर्थाने ती अन्यायाची होती. पण मला त्यात दुसरंही काही दिसतं. क्लोनींनी हॉलला कौतुकाची टाळी देऊ केली नाही, त्याच्यासमोर घड्याळ ठेवलं. खेळाडूला जशी वागणूक देतात तशी दिली. पुढे अनेक शहरांनी व्हीलचेअरवाल्यांना टाळ्या, हार, फुगे सगळं दिलं आणि घड्याळ तेवढं द्यायचं विसरली. त्यांच्या तुलनेत 1975 ची ती हटवादी अट मला अधिक सन्मानाची वाटते.

त्या दिवशी पाठीवर चांगला वारा होता. बिल रॉजर्सने 2 तास 9 मिनिटं 55 सेकंदांत शर्यत जिंकून अमेरिकेला नवा नायक दिला, आणि पश्चिम जर्मनीच्या लियाने विंटरने स्त्रियांची तोवरची जगातली सर्वोत्तम वेळ नोंदवली. हॉलच्या 2 तास 58 मिनिटांकडे कुणाचं लक्ष जाणार! पण दोनच वर्षांनी बॉस्टनमध्ये राष्ट्रीय व्हीलचेअर अजिंक्यपद भरलं आणि शेरॉन रान स्त्रियांमधली पहिली विजेती ठरली. 1980 साली कर्ट ब्रिंकमनने 1 तास 55 मिनिटांत अंतर संपवलं. पायी धावणाऱ्या विजेत्यापेक्षा कमी वेळ घेणारा तो पहिला व्हीलचेअरपटू.

दक्षिणेला साडेतीनशे किलोमीटरवर, न्यूयॉर्कमध्ये, वारं उलट दिशेने वाहत होतं. तिथल्या मॅरेथॉनचे कर्तेधर्ते फ्रेड लेबो हे एरवी दिलदार गृहस्थ. कृत्रिम पाय लावलेला डिक ट्रॉम 1976 साली त्यांच्याच शर्यतीत धावला होता, आणि त्याने पुढे अपंग धावपटूंसाठी अकिलीस ट्रॅक क्लब काढला. चाकांना मात्र लेबोंचा ठाम विरोध होता. हॉल मानवी हक्क विभागाकडे गेला, प्रकरण वरच्या न्यायालयांपर्यंत चढत गेलं आणि 1982 साली राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने आयोजकांच्या बाजूने निकाल दिला. पायी धावण्याच्या शर्यतीत पायी धावणाऱ्यांनाच घेणं हा बेकायदा भेदभाव ठरत नाही, असा त्याचा मथितार्थ. व्हीलचेअरचा उल्लेख त्यात स्केटबोर्ड आणि सायकलीच्या रांगेत आला.

हा निकाल आज वाचताना राग येतो, पण त्यातला मुद्दा तपासायला हवा. व्हीलचेअर शर्यत ही पायी धावण्याची शर्यत नाही, हे खरंच आहे. तिचं तंत्र वेगळं, दुखापती वेगळ्या, डावपेच वेगळे. एकमेकांच्या मागे दडून वारा चुकवणं, उतारावर जीव मुठीत धरून सुटणं, शेवटच्या दोनशे मीटरला चाकाला चाक भिडवणं हे सगळं सायकल शर्यतीच्या जास्त जवळचं. न्यायालयाचं निरीक्षण बरोबर होतं. चुकला तो आयोजकांनी त्यावरून काढलेला अर्थ. खेळ वेगळा आहे म्हणून त्याला दार बंद, असं न्यूयॉर्कने ठरवलं. खेळ वेगळा आहे म्हणून त्याला स्वतःची सुरुवातीची वेळ, स्वतःचे नियम आणि स्वतःचा विजेता द्यावा, असंही ठरवता आलं असतं. बॉस्टन हळूहळू त्याच वाटेने गेलं. ज्या शहरांनी पुढे हा वेगळेपणा मान्य केला, त्यांच्याकडेच व्हीलचेअर शर्यत मोठी झाली. ‘आपण सगळे एकच’ म्हणत सगळ्यांना एका गर्दीत सोडणाऱ्यांकडे ती अडगळीत राहिली.

न्यूयॉर्कचाच पुढचा अनुभव याला साक्षी आहे. व्हीलचेअरपटू नंतरच्या काळात तिथे धावू लागले, पण शर्यतीचा अधिकृत गट म्हणून त्यांना स्थान नव्हतं. क्वीन्सबरो पुलाजवळ त्यांना थांबवून ठेवायचं आणि अव्वल धावपटू पुढे गेले की सोडायचं, अशी वागणूक मिळाल्याची तक्रार घेऊन काही जण नव्वदच्या दशकाच्या शेवटी पुन्हा न्यायालयात गेले. सरावाने गरम झालेले खांदे घेऊन पुलावर ताटकळत उभं राहायचं म्हणजे काय, हे कुठल्याही खेळाडूला सांगायला नको. 2000 साली न्यूयॉर्कने अधिकृत व्हीलचेअर गट सुरू केला, बॉस्टननंतर पाव शतकाने.

लंडनची गोष्ट राजकारणाची आहे. 1981 साली ख्रिस ब्रॅशर आणि जॉन डिस्ली यांनी तिथली मॅरेथॉन सुरू केली तेव्हा तीत व्हीलचेअर नव्हती, आणि ब्रॅशर तिला अनुकूलही नव्हते. दबाव आला तो त्या वेळच्या डाव्या विचारांच्या ग्रेटर लंडन कौन्सिलकडून. रस्ते शहराचे, तेव्हा शर्यतही सगळ्या शहराची, असा सरळ हिशेब. 1983 साली पहिली व्हीलचेअर शर्यत झाली आणि विजेत्याला 3 तास 20 मिनिटं लागली. बरोबर 40 वर्षांनी, 2023 साली, हुगने तिथेच 1 तास 23 मिनिटं 48 सेकंदांची नोंद केली. मधल्या काळात टॅनी ग्रे-थॉम्पसनने सहा वेळा आणि डेव्हिड वीअरने आठ वेळा लंडन जिंकलं. दोघंही ब्रिटनमध्ये घरोघरी माहीत झाले आणि टॅनीबाई तर पुढे लॉर्ड्सच्या सभागृहात जाऊन बसल्या. एखादी शर्यत दरवर्षी दूरचित्रवाणीवर दिसत राहिली की तिची माणसं लोकांच्या ओळखीची होतात, हे बीबीसीच्या प्रक्षेपणाने दाखवून दिलं.

आता खुर्चीकडे वळू, कारण या सगळ्या आकड्यांच्या मुळाशी ती आहे. हॉलची 1975 ची खुर्ची म्हणजे रोजच्या वापराच्या खुर्चीत केलेले फेरफार. नंतर त्याने स्वतःच शर्यतीच्या खुर्च्या बनवायचा कारखाना काढला. ऐंशीच्या दशकात चौथं चाक गेलं, खुर्ची लांब झाली आणि पुढे एकच चाक आलं. मागची दोन मोठी चाकं वर आत आणि खाली बाहेर कललेली. खेळाडू गुडघे दुमडून जवळजवळ वज्रासनात बसतो, छाती मांड्यांवर टेकवतो आणि कडक हातमोज्यांनी चाकांच्या बाहेरच्या कड्यावर ठोसे मारतो. कडं हाताने धरायचं नसतं, आपटून सोडायचं असतं. नियम कडक आहेत. गिअर चालत नाहीत, साखळी चालत नाही, दट्टे चालत नाहीत; मोठ्या चाकाचा व्यास 70 सेंटिमीटरहून जास्त नको. डोक्यावर हेल्मेट सक्तीचं. हातांनी पॅडल फिरवून चालणारी हँडसायकल हा वेगळाच प्रकार. बॉस्टन आणि न्यूयॉर्कमध्ये तिचा गट निराळा असतो. आपल्याकडच्या बातम्यांत मात्र दोन्हींची सर्रास गल्लत होते.

1975 ते 2024 या काळात बॉस्टनमध्ये व्हीलचेअरची विजयी वेळ 2 तास 58 मिनिटांवरून 1 तास 15 मिनिटांवर आली. पायी धावणाऱ्या पुरुषांची तिथली सर्वोत्तम वेळ याच काळात 2 तास 9 मिनिटांवरून 2 तास 3 मिनिटांवर. एवढी तफावत माणसाच्या दंडातून येत नाही, धातूतून आणि कार्बन तंतूतून येते, असं कुणी म्हणेल आणि ते बऱ्याच अंशी खरंही असेल. हुगची खुर्ची 2021 च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या तंत्रज्ञांनी फॉर्म्युला वन गाड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या झाऊबर समूहाच्या मदतीने घडवली. त्याच वर्षी त्याने टोकियो पॅरालिम्पिकमध्ये चार सुवर्णपदकं जिंकली आणि नोव्हेंबरात जपानच्या ओइता शहरात 1 तास 17 मिनिटं 47 सेकंदांचा जागतिक विक्रम केला. त्याआधीचा विक्रम त्याच्याच देशबांधवाचा, हाइन्झ फ्रायचा, आणि तो 22 वर्षं टिकला होता. गेल्या काही वर्षांत धावपटूंच्या बुटांतल्या कार्बन पट्टीवर जो वाद झाला तोच इथेही आहे. फरक असा, की बूट दुकानात मिळतो. अशी खुर्ची खेळाडूच्या अंगाच्या मापाने घडवावी लागते आणि साध्यातल्या साध्या शर्यतीच्या खुर्चीलाही काही हजार डॉलर मोजावे लागतात.

म्हणून या खेळातले विजेते जगभर विखुरलेले दिसत नाहीत, काही ठिकाणी दाटलेले दिसतात. स्वित्झर्लंडमध्ये नॉटविल गावाला पाठीच्या कण्याच्या दुखापतींचं मोठं केंद्र आहे आणि त्याला लागूनच खेळाची सोय. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या अपंग सैनिकांसाठी 1948 साली शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. जीन ड्रिस्कॉल, टॅटियाना मॅकफॅडन, सुझाना स्कारोनी या बॉस्टन जिंकणाऱ्या बायका तिथल्याच. ओइतामध्ये डॉ. यूताका नाकामुरा यांनी 1981 साली केवळ व्हीलचेअरसाठीची मॅरेथॉन सुरू केली. ते इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिलला, पॅरालिम्पिक चळवळीचे जनक लुडविग गुटमान यांच्या हाताखाली शिकून आले होते. ओइता हा वेगळेपणाचा सर्वांत टोकाचा प्रयोग आणि माझ्या मते सर्वांत यशस्वीही. तिथे रस्त्यावर दुसरी शर्यतच नाही, तेव्हा कुणाच्या पाठीमागे थांबायचा प्रश्न नाही.

बॉस्टनचा मार्ग मात्र चाकांसाठी मुळीच आखलेला नव्हता आणि तिथली खरी गंमत (आणि भीती) त्यातच आहे. हॉपकिंटन समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरच्या आसपास उंचीवर, शेवट जवळजवळ किनाऱ्याच्या पातळीला. पहिले काही मैल घसरगुंडी. एवढा उतार असल्याने आणि मार्ग एकाच दिशेने जात असल्याने इथे नोंदवलेली वेळ जागतिक विक्रम म्हणून धरली जात नाही. हुगची 2024 ची वेळ ओइताच्या विक्रमाहून दोन मिनिटांनी सरस असूनही विक्रमांच्या यादीत नाही, हे त्यामुळेच. सुरुवातीच्या उतारावर खुर्च्या ताशी 50-60 किलोमीटरचा वेग सहज गाठतात. 1987 साली पावसाने रस्ता निसरडा झाला होता. सुरुवातीलाच खुर्च्या एकमेकींवर आदळल्या आणि बरेच जण रस्त्यावर लोळले. त्यानंतर पहिल्या टप्प्यात पुढे एक गाडी ठेवून वेग आवरायची पद्धत आली. उत्साही मंडळींना ती आवडत नाही. पण 40 जणांनी एकदम पाणी वाहणाऱ्या उतारावर झोकून देण्यात शौर्य किती आणि वेडेपणा किती, हा विचार आयोजकांना करावाच लागतो.

मग न्यूटनचे चढ. सोळाव्या मैलापासून चार टेकड्या आणि शेवटची कुप्रसिद्ध हार्टब्रेक हिल. पायी धावणाऱ्याचं अंग इथे जड होतं. चाकावरच्याला तर गुरुत्वाकर्षण उलटं खेचायला लागतं, कारण ठोशामध्ये क्षणभर उशीर झाला तर खुर्ची मागे येते. शरीराने हलक्या आणि दंडांनी बळकट असणाऱ्यांना इथे संधी असते. जीन ड्रिस्कॉल अशीच होती. 1990 ते 1996 अशी सलग सात वर्षं तिने बॉस्टन जिंकलं. 1997 साली क्लीव्हलँड सर्कलजवळ ट्रामच्या रुळांत तिचं चाक अडकलं, खुर्ची उलटली आणि ऑस्ट्रेलियाची लुईस सॉवाज पुढे निघून गेली. पुढच्या वर्षी दोघी चाकाला चाक लावून बॉयल्स्टन स्ट्रीटवर आल्या. ड्रिस्कॉल जिंकल्याच्या खुशीत होती आणि अगदी रेषेवर सॉवाजने तिला गाठलं. दोघींची वेळ सेकंदापर्यंत सारखी, क्रमांक मात्र सॉवाजचा पहिला. 2000 साली ड्रिस्कॉलने आठवं विजेतेपद मिळवलं. पुरुषांमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या अर्न्स्ट व्हॅन डाइकची दहा विजेतेपदं आहेत; बॉस्टनच्या इतिहासात कुठल्याही गटात एवढी दुसऱ्या कुणाची नाहीत. केनियाचे रॉबर्ट चेरुयोट आणि कॅथरीन नदेरेबा यांची प्रत्येकी चार असल्याचं धावण्याची आवड असलेल्या वाचकाला ठाऊक असतं. व्हॅन डाइकचं नाव किती जणांनी ऐकलं असेल?

वेगळ्या सुरुवातीचं महत्त्व पायी धावणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीतही उशिराच कळलं. 2003 सालापर्यंत बॉस्टनमध्ये अव्वल स्त्रिया पुरुषांच्या लोंढ्यातच सुटायच्या. त्यांची शर्यत कॅमेऱ्याला दिसायचीच नाही, आजूबाजूच्या पुरुषांच्या आडोशाने वारा चुकवला जायचा, आणि पहिली कोण चालली आहे हे खुद्द धावणारीलाही नीट कळायचं नाही. 2004 पासून त्यांना पुरुषांच्या आधी सोडण्यात आलं. लंडनमध्ये केवळ स्त्रियांच्या शर्यतीतला विक्रम आता स्वतंत्र धरला जातो. केनियाच्या पेरेस जेपचिरचिरने 2024 साली तिथे 2 तास 16 मिनिटं 16 सेकंदांत तो केला होता. स्त्रियांना वेगळं काढल्याने त्यांचा मान कमी झाला नाही, त्यांची शर्यत दिसू लागली. व्हीलचेअरबाबत हाच मुद्दा दोन दशकं आधी मांडला जात होता.

बॉस्टनबद्दल लिहिताना 15 एप्रिल 2013 टाळता येत नाही. शेवटच्या रेषेजवळ दोन स्फोट झाले, तिघं ठार झाले, अनेकांचे पाय गेले. त्या सकाळी स्त्रियांची व्हीलचेअर शर्यत टॅटियाना मॅकफॅडनने जिंकली होती. रशियातल्या अनाथालयात बिनखुर्चीची, हातांवर चालत वाढलेली ही मुलगी अमेरिकेत दत्तक आली. शाळेच्या संघात इतरांबरोबर धावू देत नाहीत म्हणून तिने न्यायालयात धाव घेतली, आणि त्यातून मेरीलँड राज्यात 2008 साली अपंग विद्यार्थ्यांना खेळात समान संधी देणारा कायदा झाला. स्फोटानंतर सहाच दिवसांनी तिने लंडन जिंकलं, मग शिकागो, मग न्यूयॉर्क. एका वर्षात या चारही शर्यती जिंकणारी ती पहिलीच व्यक्ती, पायी धावणाऱ्यांतही तोवर कुणाला न जमलेलं.

आता पैशाकडे. 2024 साली लंडनने व्हीलचेअर आणि पायी धावणाऱ्या विजेत्यांचं बक्षीस सारखं केलं, प्रत्येकी 55 हजार डॉलर. असं करणारी ती पहिली मोठी मॅरेथॉन. बॉस्टनचा तक्ता वर आलाच आहे. असमान बक्षिसाच्या बाजूने नेहमी येणारा युक्तिवाद म्हणजे स्पर्धकांची संख्या. पायी धावण्यात हजारोंमधून वर यावं लागतं, खुर्चीवर पन्नासेक जणांतून, मग बक्षीस सारखं का? युक्तिवाद पहिल्यांदा ऐकताना रास्त वाटतो. पण संख्या कमी का, याचं उत्तर खुर्चीच्या किमतीत, नॉटविलसारख्या केंद्रांच्या दुर्मीळतेत आणि स्वतः मॅरेथॉनच्या पन्नास वर्षांच्या वागण्यात आहे. ज्यांनी दार अर्धवट उघडलं त्यांनीच आत माणसं कमी आली म्हणून तक्रार करावी, हे काही पटत नाही. शिवाय बक्षिसांचा तक्ता पूर्ण चित्र दाखवतच नाही. अव्वल धावपटूंना नुसत्या हजेरीसाठी मिळणारं मानधन जाहीर होत नसतं, आणि खरी दरी तिथे असण्याची शक्यता जास्त.

समान बक्षिसानेही सगळ्यांची सोय लागत नाही. मोठ्या शर्यतींत चमकतात ते बहुतेक टी 53 आणि टी 54 गटांतले, म्हणजे ज्यांचे हात पूर्ण काम करतात असे. ज्यांच्या बोटांत किंवा दंडातही ताकद कमी आहे ते टी 51 आणि टी 52 गटांतले खेळाडू त्याच रस्त्यावर असतात, पण त्यांचा विजेता कोण हे कुणाच्या फारसं लक्षात राहत नाही. अंध धावपटू, कृत्रिम पायाचे धावपटू यांचे गट आणखी नंतर आले. आणि या कुठल्याच चौकटीत न बसणारी डिक आणि रिक हॉइट ही बापलेकाची जोडी. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला खुर्चीत बसवून ढकलत बाप 1981 पासून तीसहून अधिक वेळा बॉस्टन धावला. हॉपकिंटनला सुरुवातीच्या रेषेजवळ दोघांचा पुतळा आहे. लोकांचं त्यांच्यावर प्रेम होतं आणि ते योग्यच. पण बॉस्टनच्या व्हीलचेअर शर्यतीबद्दल विचारलं की आजही अनेकांना आधी हॉइट आठवतात, व्हॅन डाइक नाही, याची खंत त्या खेळातल्या लोकांना असली तर ती समजण्यासारखी आहे.

मुंबईचं काय? 2004 साली सुरू झालेली मुंबई मॅरेथॉन आशियातल्या मोठ्या शर्यतींपैकी एक. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरून पहाटे सुटणारे धावपटू, सी लिंक, परतीच्या वाटेवरचा पेडर रोडचा चढ हे सगळं आता शहराच्या जानेवारीचा भाग झालं आहे. अव्वल पुरुषांचा मार्गविक्रम इथिओपियाच्या हायले लेमीचा, 2 तास 7 मिनिटं 32 सेकंद. अपंगांसाठी इथे ‘चॅम्पियन्स विथ डिसॅबिलिटी’ हा गट आहे, पण तो जेमतेम एक-दोन किलोमीटरचा आणि मुख्यतः सहभागाचा. व्हीलचेअरवरून येणारी माणसं त्यात असतात, ढोल वाजतो, छायाचित्रं निघतात. पूर्ण अंतराची, घड्याळ लावलेली व्हीलचेअर शर्यत नाही. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉनमध्येही व्हीलचेअरसाठीची शर्यत छोट्या अंतराचीच.

पुण्याला खरं तर याहून मोठा वारसा आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अपंग झाले आणि 1972 साली हायडेलबर्गला जलतरणात त्यांनी भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकलं. खडकीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र 1974 पासून जखमी जवानांसाठी चाललं आहे. म्हणजे पुण्यात केंद्र होतं, सैनिक होते, सुवर्णपदकाचं उदाहरण होतं. इलिनॉयने याच सामग्रीवर खेळ उभा केला. आपल्याकडे पदकं आली ती दुसऱ्या वाटांनी, भालाफेक, उंच उडी, नेमबाजी, बॅडमिंटन यांतून. 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये सांगलीच्याच सचिन खिलारीने गोळाफेकीत रौप्य मिळवलं. गोळा जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतो. शर्यतीची खुर्ची परदेशातून मागवावी लागते, ती चालवायला सपाट आणि रिकामा रस्ता लागतो, आणि भारताला व्हीलचेअर शर्यतीत पॅरालिम्पिकचं एकही पदक अजून मिळालेलं नाही.

अडचणी खऱ्या आहेत. ताशी 30 किलोमीटरने जाणाऱ्या, रस्त्याला जवळजवळ टेकलेल्या खुर्चीला खड्डा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. सी लिंकचे सांधे, पहाटेचा अंधार, अर्धा रस्ता वाहतुकीला खुला, या सगळ्याचा विचार करावा लागेल. पण 1987 चा उतार आणि ट्रामचे रूळ असणाऱ्या बॉस्टनलाही तो करावा लागला. स्पर्धक कुठून आणायचे, हा प्रश्नही बिनतोड नाही. बॉस्टनच्या अधिकृत यादीत पहिल्या वर्षी एकच नाव होतं. सुरुवातीला मरीन ड्राइव्हचा बंद केलेला तुकडा घेऊन दहा किलोमीटरची खरीखुरी शर्यत ठेवता येईल. वेळ नोंदवणारी, वर्गवारी करणारी, निकाल जाहीर करणारी. हार-फुग्यांच्या फेरीपेक्षा तिला खर्च थोडा जास्त येईल, आणि पैशाचा प्रश्न तरी मुंबईत आड यायला नको. न्यूयॉर्क मॅरेथॉनच्या नावापुढे 2014 पासून आणि लंडनच्या नावापुढे 2022 पासून टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचं नाव आहे. समान बक्षिसाचा लंडनचा निर्णय झाला तो याच नावाच्या फलकाखाली, आणि मुंबईच्या मॅरेथॉनलाही 2018 पासून टाटांचंच नाव आहे.